पास्कलमामांनी नाव घेतलं

आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी आधी पास्कलमामांच्या तोंडून येतं आणि मग नळातून.

सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याचं काही सांगायला नको. चार दिवसांनी येतं, कधी पाच, आणि येतं तेव्हा आपण साखरझोपेत असतो. अशा वेळी जिन्यात एक खणखणीत आवाज घुमतो: "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. नळाला पाणी आलेले आहे. पाण्याचा दाब मध्यम असून ते अंदाजे पाऊण तास थांबेल. तळमजल्यावरील प्रवाशांनी आपली मोटर आवश्यक तेवढीच चालवावी."

हे ऐकलं की सगळी दारं फटाफट उघडतात. बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर पाण्याचा मेसेजही येतो, पण त्यावर कुणाचा विश्वास नाही. मामांनी सांगितलं तरच पाणी खरं.

पास्कल साळवे आमच्या भिंतीपलीकडे राहतात. वय बासष्ट. रोज इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बसस्टँडावर गाड्या पुकारण्यात त्यांची पंचवीसेक वर्षं गेली. अकलूज, करमाळा, बार्शी, अक्कलकोट, सगळ्या वाटांनी जाणारी माणसं त्यांच्या आवाजावर धावली. पहाटेचं पाणी ते नोकरीत असतानाही पुकारायचे, आणि रिटायर होऊन घरी आले तरी पुकारणं काही थांबलं नाही. दूधवाल्याला वेळ झाला तर गॅलरीतून ऐकू येतं, "दूध वीस मिनिटे उशिराने धावत आहे." आमच्या घरी कुणी पाहुणा निघाला की मामा दारात हजर: "टेंभुर्णीमार्गे अकलूजला जाणारी गाडी सकाळी साडेसात वाजता सुटेल. प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी." वेळापत्रक केव्हाच बदललंय. पण त्यांना ते सांगायची कुणाची छाती होत नाही.

माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या, कानडी वळणाच्या आणि कानानं जरा कमी. आम्ही सात वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा पहिल्याच पहाटे त्या दचकून उठल्या. "अय्यो शिवा, आपण स्टँडावर झोपलाव का काय?" म्हणाल्या. मी त्यांना समजावलं. त्यानंतर त्यांनी मामांचं नावच 'रेडिओ' ठेवलं.

मामांच्या बायकोचं नाव बर्नाडेट. आम्ही सगळे बर्नाबाई म्हणायचो. त्या दोघांचं मिळून बोलायच्या. भाजीवाल्याशी त्याच घासाघीस करायच्या, बँकेत त्याच विचारायच्या, डॉक्टरला मामांचा गुडघा कुठं दुखतो तेही त्याच सांगायच्या. "आमच्या ह्यांना भेंडी चालत न्हाय की," म्हणायच्या, आणि मामा शेजारी उभे राहून मान डोलवायचे. मूलबाळ नव्हतं. चार वर्षांपूर्वी बर्नाबाई गेल्या. त्याच वर्षी मामा रिटायर झाले. त्यानंतर बँकेत, गॅस एजन्सीत, कुठंही जायचं असलं की मामा माझं दार वाजवायचे, हातात फॉर्म धरायचे आणि हसायचे. मी हायस्कूलला मराठी शिकवते. मला वाटायचं, फॉर्म भरायचा कंटाळा येत असेल माणसाला.

असाच एक दिवस त्यांनी मला चर्चमध्ये नेलं.

निमित्त होतं रीनाचं बाळ. रीना ही मामांच्या एका जुन्या मित्राची मुलगी. हा मित्र स्टँडाच्या वर्कशॉपमध्ये होता, रीना शाळेत असतानाच तो गेला. ती आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला मुलगी झाली आणि तिनं ठरवलं की बाप्तिस्म्याला मुलीचा गॉडफादर, म्हणजे धर्मपिता, पास्कलमामाच होणार. मामांनी ही बातमी आम्हाला जिन्यात दिली. काय शब्द होते ते आठवत नाही, पण ती घोषणा त्यांनी तीनदा केली आणि तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फुटला.

चर्चच्या ऑफिसात फादर बसले होते. तरुण, चष्मा लावलेले, मामांवर फार जीव. कारण तिथल्या खुर्च्या मामा मांडतात, माइक मामा तपासतात, मिस्सा म्हणजे रविवारची उपासना संपल्यावर "चारचाकी वाहने कृपया बाजूला घ्यावीत" हेही मामाच पुकारतात. फादरांनी समोर एक कागद ठेवला आणि चष्मा काढून पुसला.

"मामा, तुमच्या नगरकडच्या चर्चमधून दाखला मागवला होता मी. बाप्तिस्म्याची नोंद आहे. लग्नाची आहे. दृढीकरणाची नाही."

मामा छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

"लिहायची राहून गेली असेल," मी म्हटलं.

"तसं असेल तर चांगलंच. मामा, तुमचं दृढीकरण कुठल्या साली झालं?"

मामा उठले. शर्ट खाली ओढून सरळ केला. आणि स्टँडावरच्या आवाजात म्हणाले, "सदर गाडी त्या दिवशी रद्द करण्यात आली होती. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

फादरांना हसावं की नाही कळेना. रीना बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, ती मात्र हसली नाही. मला बिचारीला दृढीकरण म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. फादरांनी सांगितलं. तान्हेपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा बाळाच्या वतीनं आईबाप हो म्हणतात. मोठं झाल्यावर तेच स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, बिशप कपाळावर पवित्र तेल लावतात, ते दृढीकरण. आमच्या लिंगायतांत दीक्षा असते, त्यामुळे मला ते चटकन समजलं. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी होतं म्हणाले. आणि ते झाल्याशिवाय कुणाचा धर्मपिता होता येत नाही.

"नियम मी केलेला नाही," फादर म्हणाले. "बिशप जानेवारीत यायचे आहेत, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा संपली की पुढच्या रविवारी. तोवर बाळाचा बाप्तिस्मा थांबवायचा की दुसऱ्या कुणाला..."

"थांबवायचा," रीना म्हणाली.

"सहा महिने आहेत, रीना. घरचे काय म्हणतील?"

"म्हणू देत. पप्पा गेल्यावर माझ्या नर्सिंगच्या फॉर्मवर सही कुणी केली? प्रत्येक पेपरला गेटबाहेर उन्हात कोण बसलं होतं? मामांच्या जागी दुसरं कुणी नको मला."

मामा खाली मान घालून खिशातली पेनं काढून परत लावत होते. लाल निळ्याच्या जागी, निळं लालच्या जागी. मग त्यांनी मान वर केली आणि फादरांना म्हणाले, "नोंद घेतली."

तर अशा रीतीनं बासष्टाव्या वर्षी मामा शनिवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बसले. वर्गात अकरा मुलं, सगळी तेरा-चौदा वर्षांची, सगळी इंग्रजी शाळेतली. मराठी प्रार्थना वाचताना ती अशी ठेचकाळायची की फादरांनी मला गळ घातली, टीचर, जरा वाचन घ्या त्यांचं. म्हणून मी दर शनिवारी तिथं असायचे आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मामा पंधरा मिनिटं आधी यायचे. पहिल्या बाकावर, कडेला. शंभर पानी वही, तिला खाकी कव्हर, कव्हरवर लाल शाईत नाव. फादरांनी प्रश्न विचारला की अकरा मुलं खाली बघायची आणि मामांचा हात वर. "पवित्र आत्म्याची दाने एकूण सात आहेत," मामा उभं राहून पुकारायचे. "पहिले दान, शहाणपण. दुसरे दान, समज. तिसरे दान, सल्ला." असं करत करत सातवं दान, देवाचं भय, इथपर्यंत गाडी न थांबता जायची.

एका शनिवारी एका आगाऊ मुलीनं हात वर केला. "मामा, देवाचं भय कुठल्या फलाटावर लागतं?"

वर्गात हशा पिकला. फादरांनी डोळे मोठे केले. मामा मात्र वळले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "फलाट क्रमांक सात. शेवटची गाडी. विद्यार्थ्यांनी ती चुकवू नये." त्या दिवसापासून ती मुलं मामांची झाली. बाकावर त्यांच्या शेजारी कोण बसणार यावरून भांडणं व्हायला लागली.

दिवाळीनंतर फादरांनी सांगितलं की दृढीकरणाला प्रत्येकानं एका संताचं नाव घ्यायचं. बिशप विचारतील तेव्हा ते मोठ्यानं सांगायचं. मुलांचा गोंधळ सुरू झाला. एकानं क्रिकेट खेळणाऱ्यांचा संत कोण असं विचारलं. फादर हसत हसत पहिल्या बाकाकडे वळले. "आणि मामा, तुम्ही कुठलं नाव घेणार?"

मामा उभे राहिले. तोंड उघडलं. आणि काही आलंच नाही.

मला आधी वाटलं, विचार करतायत. मग मी त्यांची मान बघितली. शिरा ताठ झाल्या होत्या, जबडा थरथरत होता, डोळे मिटले होते. ओठ मिटून उघडायचे, परत मिटायचे.  शेवटी मामांनी हात वर केला, गाडी थांबवतात तसा, आणि फळ्यावर जाऊन लिहिलं: पुढच्या शनिवारी सांगतो.

मी रिक्षात बसून घरी आले आणि सगळा रस्ता एकच गोष्ट आठवत होते. सात वर्षं हा माणूस माझा शेजारी. सात वर्षांत त्यांनी माझ्याशी साधं एक वाक्य बोललेलं मला आठवेना. पुकारलेलं आठवत होतं. मान डोलावलेली आठवत होती. "आज काय भाजी केली, टीचर?" एवढंसुद्धा कधी नाही.

संध्याकाळी मामा आमच्याकडे आले. वही उघडून माझ्यासमोर ठेवली. त्यांनी चार पानं लिहून आणली होती, स्वच्छ, एका रेषेत.

लहानपणापासून तोतरेपण. घरात चालायचं, बाहेर नाही. तेरा वर्षांचे असताना गावात बिशप आले. तेव्हा बिशप मुलांना रांगेत उभं करून प्रश्न विचारायचे. पास्कलला सगळं पाठ होतं. त्याला विचारलं, पवित्र आत्म्याची दाने किती? सोपा प्रश्न. उत्तर होतं सात. तो 'स' वर अडला. पुढं जाईना, मागं येईना. मुलं हसली. मास्तर म्हणाले, याचं पुढच्या वेळी बघू. पास्कल रांगेतून निघाला, मागच्या ज्वारीत जाऊन बसला, आणि चर्चमधलं गाणं संपेपर्यंत बाहेर आला नाही. पुढच्या वेळी बिशप आले तोवर तो सोलापुरात आपल्या मामाकडे येऊन कामाला लागला होता. लग्नाच्या वेळी कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

स्टँडावर तो वर्कशॉपमध्ये हेल्पर होता. एके दिवशी पुकारणारा आला नाही आणि साहेबांनी दिसेल त्याला माइकवर बसवलं. "मला दरदरून घाम फुटला," असं लिहिलं होतं. "कागद समोर होता. मी डोळे मिटून माझ्या आधीच्या माणसाच्या आवाजात वाचला. एकदाही अडलो नाही. दुसऱ्याच्या आवाजात मी अडत नाही. माझ्या आवाजात अडतो."

मी वही मिटली.  आणि मला न बोलता राहता येत नाही, हा माझा धंद्यातला दोष. म्हणून मी म्हटलं, "मामा, मग ते नावही पुकारा की. स्टँडावरच्या आवाजात."

मामांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. वही ओढून लिहिलं: तिथं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं.

फादरांना कळलं तेव्हा त्यांनी सुटका शोधून दिली. बिशपसमोर जाताना प्रत्येकाबरोबर एक माणूस असतो, उजव्या खांद्यावर हात ठेवून. मामांबरोबर रीना उभी राहणार होती. नाव तिनं सांगितलं तरी चालतं, फादर म्हणाले. मामांनी त्यालाही नकाराची मान हलवली.

मग सराव सुरू झाला. सोपं नाव म्हणून मी 'अंतोनी' काढलं. 'अ' नं सुरू होणारं त्यांना जरा सोपं जायचं. रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सासूबाई बिशप व्हायच्या. त्यांना हे काम फार आवडलं. खुर्चीत ताठ बसायच्या, वाटीत खोबरेल तेल, त्यात अंगठा बुडवलेला.

"नाव काय रं तुझं?"

"अं... अं..."

"अंतोनी," मी मधेच म्हणायचे. मामा माझ्याकडे रागानं बघून हात वर करायचे.

सासूबाई माझ्यावर खेकसायच्या. "तू गप ग. त्यो म्हनायलाय न्हवं? तुझी कसली घाई? बिशपाला काय गाडी धरायचीय?" आणि मामांना म्हणायच्या, "म्हन. सावकाश म्हन. मला तसंबी अर्धंच ऐकू येतंय."

मामा हसायचे आणि हसता हसता नाव सुटायचं. 'अंतोनी'. सासूबाई त्यांच्या कपाळाला एवढं तेल फासायच्या की ते नाकावर ओघळायचं. महिनाभरानंतर दहातल्या आठ वेळा जमायला लागलं. मग नऊ. मला मनातून वाटायचं, ही माझी शिकवणी. सासूबाईंना वाटायचं, त्यांची.

तो रविवार उजाडला. अख्खी बिल्डिंग निघाली. तळमजल्यावरचे तेलुगू विणकर अण्णा पांढरा शर्ट घालून आले. सासूबाईंनी ठेवणीतलं इरकल काढलं आणि पिशवीत शेंगाचटणीचा डबा घेतला, बिशपांना द्यायला. आम्ही शेवटच्या तीन बाकांवर बसलो. केव्हा उठायचं, केव्हा बसायचं कळत नव्हतं, म्हणून पुढच्या बाईंकडे बघून करत होतो.

मुलं एकेक करून पुढं गेली. नाव सांगायची, बिशप कपाळावर तेल लावायचे, पुढची. सगळ्यांत शेवटी मामा. त्या दिवशी खिशाला पेनं नव्हती. रीनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बिशप म्हातारे होते, मामांपेक्षाही. त्यांनी मामांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि हसून विचारलं, "आपलं नाव?"

मी ओठांनी 'अं' केलं. शेजारी सासूबाईंनी केलं. मला वाटतं, तिन्ही बाकांनी केलं.

मामांच्या तोंडातून आलं, "ब..."

मामा चुकले. पहिलंच अक्षर चुकलं.

"ब... ब... ब..."

ताणलेली मान मला मागूनही दिसत होती. फादर अर्धं पाऊल पुढं आले आणि थांबले. रीना हलली नाही. तिचा हात मात्र खांद्यावर इतका घट्ट झाला की शर्टाला चुण्या पडल्या. अकरा मुलं बाकांवर वळून बसली होती. ती फलाट विचारणारी आगाऊ मुलगी दोन्ही मुठी आवळून, श्वास रोखून बघत होती. कुणीही हसलं नाही. बिशपांचा तेल लावलेला अंगठा हवेत तसाच होता. त्यांनी 'हं' केलं नाही, मान डोलावली नाही, घाई नाही, कीव नाही. नुसते थांबले. मी मनात आकडे मोजत होते, चाळिसाला सोडून दिले.

"ब... ब... बर्नाडेट."

बिशपांनी फादरांकडे बघितलं. बासष्ट वर्षांचा पुरुष आणि नाव एका संत बाईचं. फादरांचे डोळे भरले होते. त्यांनी होकाराची मान डोलावली. बिशप परत मामांकडे वळले, अंगठा त्यांच्या कपाळावर टेकवला आणि म्हणाले, "बर्नाडेट, पवित्र आत्म्याच्या दानाची ही मुद्रा स्वीकार."

"आमेन," मामा म्हणाले. न अडता. आणि तो आवाज स्टँडावरचा नव्हता.

तेवढ्यात सासूबाई, ज्यांना स्वतःचा आवाज केवढा आहे ते कळत नाही, आनंदानं ओरडल्या, "बायकोचं नाव घेतलं की गं त्यानं! नाव घेतलं!"

लग्नातल्या उखाण्याला टाळ्या पडतात तशा चर्चमध्ये पडल्या. पहिल्या बाकावरून सुरू झाल्या, त्या मुलांच्या. बिशपही हसले. मी टाळ्या वाजवल्या की नाही आठवत नाही. वीस वर्षं शिकवतेय, माझी मुलं बोर्डात आली, बक्षिसं आणली, पण इतका अभिमान मला कधी कुणाचा वाटला नव्हता. आणि त्यात माझं काही नव्हतं. मी शिकवलेलं नाव त्यांनी घेतलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा झाला. सात महिन्यांची मुलगी आता गुबगुबीत होती, मामांच्या हातात मावत नव्हती. फादरांनी विचारलं, सैतानाचा त्याग करता का? मामा 'करतो'मधल्या 'क' वर अडले. सगळे थांबले. रीनाच्या सासूबाईसुद्धा, ज्या सहा महिने कुरकुरत होत्या. बाळानं तेवढ्यात मामांच्या नाकाला हात घातला, आणि "करतो" सुटलं ते हसतच.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मामा आमच्याकडे आले. हातात फॉर्म नव्हता, वहीही नव्हती. मी म्हटलं, "बसा, चहा टाकते." ते बसले.  मी यावेळी जीभ दाताखाली धरली.

"ए... एकतीस वर्सं," मामा म्हणाले. "तिला नावानं हाक न्हाय मारली. यायचंच न्हाय. ब... ब वर लई अडायचं. अगं म्हनायचो."

मी गॅस बारीक केला.

"शेवटी दवाखान्यात... ती गुंगीत व्हती. डॉक्टरीणबाई म्हनल्या, नावानं हाक मारा, त्या वळखतील. मी लई... लई केलं. न्हाय आलं. मंग म्हनलो, अगं." मामांनी गुडघ्यावरचा हात उलटा केला. "तिनं डोळे उघडले. हसली बी. तिला पुरायचं तेवढं."

"मग मामा," मी फार हळू विचारलं, "तिला पुरायचं तर चर्चमध्ये एवढा त्रास कशाला घेतला? अंतोनी तर जमत होतं की."

मामांनी विचार केला. शब्द जमवायला त्यांना वेळ लागला, आणि त्या वेळात मी चहा गाळून आणला.

"तिला ठावं व्हतं," ते म्हणाले. "बा... बाकीच्यास्नी कळाया नको?"

मग त्यांनी ती पहिल्यांदा कुठं दिसली ते सांगितलं. बार्शीची गाडी कुठं लागते ते विचारायला ती वर्कशॉपच्या दारात आली होती. यांनी नुसता हात दाखवला, तोही चुकीच्या बाजूला, आणि तिची गाडी गेली. ती परत येऊन भांडली. यांनी ऐकून घेतलं. भांडून झाल्यावर तिनं विचारलं, तुमी बोलत का न्हाय? मामा दीड तास सांगत होते. सासूबाई आतून उठून आल्या, शेजारी बसल्या आणि कानामागं हात धरून ऐकत राहिल्या.

भिंतीपलीकडे राहून सात वर्षं झाली होती, पण मामांचा आवाज मी त्या दुपारी ऐकला. जरासा घोगरा आहे, नगरकडचा हेल आहे, आणि हसू आलं की तो बारीक होतो.